बरणी कुणाची

बोगद्याचा तळ समुद्राखाली दीडशे मीटर.
दगड पाझरतो, फेरो बेटांवर सगळंच पाझरतो,
आणि खाली तीन पंप पाणी उपसत राहतात
ट्रोन्दुरच्या जुन्या सी भाषेतल्या हुकमावर.
सव्वीस वर्षं. एकही खाडा नाही.

मला घेतलं ते जुनं पाडायला नव्हे.
"शेजारी बांध," तो म्हणाला, "मग भिंतीत दार पाड. हळूच."
मी रस्टमध्ये लिहिते. माझा कंपायलर
प्रत्येक उसनवारी वहीत टिपतो:
कोणी नेलं, कधीपर्यंत, मालक कोण.
ट्रोन्दुरकडे वही नाही.
त्याला सगळं आठवतं.

आधी अडलं नावांवर.
माझ्या बाजूला नावांना रात्रीतून शेपट्या फुटतात;
त्याच्याकडे पातळी म्हणजे पातळी.
मी वर एक ओळ लिहिली, हे नाव आहे तसंच राहू दे.

मग, शब्द संपतो कुठे.
त्याचा शब्द चालत राहतो शून्य भेटेपर्यंत.
माझा उंबऱ्यावरच सांगतो, मी इतका लांब.
एकदा ते शून्य द्यायचं माझ्याकडून राहिलं
आणि पडद्यावर उमटलं ‘पंप दोन’,
पाठोपाठ निम्मा जुना इशारा, मार्चमधल्या वादळाचा.

मग त्या तीन रिकाम्या बाइट.
एक बाइट पंपाचा क्रमांक, तीन मोकळ्या, पुढे चार पाण्याच्या.
मला कसलं मोकळं राहतंय! माझ्या बाजूने क्रम बदलला,
क्रमांक जाऊन बसला पाण्याच्या जागी:
पंप एक, पातळी एक मिलिमीटर,
दोनला दोन,
तीनला तीन.
समुद्राखालचा बोगदा, कोरडा ठणठणीत.
ट्रोन्दुर डोळे पुसेपर्यंत हसला.
"आपल्या भाषेत एक अक्षर आहे ना,
लिहायचं पण म्हणायचं नाही.
ते गाळून बघ, तुझं गावसुद्धा सापडणार नाही तुला."

फेब्रुवारीत त्याच्या बायकोने, ओलुफाने,
रूबार्बचा मुरांबा पाठवला होता.
मी खाल्ला. बरणी विसळली,
बंदरावरच्या काचेच्या पेटीत टाकून आले.
मला वाटलं, आवरलं.

त्याच आठवड्यात, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
तळघरातला चाचणीचा पंप थांबला.
(खरा नव्हे. खरा अजून त्याच्याच हाती होता.)
लोकरी स्वेटर उलटा घालून ट्रोन्दुर आला,
माझ्या खांद्यावरून एक ओळ वाचली,
"हे तू मोकळं केलंस?"
हो. काम झालं होतं. मी नेहमी करते.
"पण जागा मी मागितली होती. सोडायची मीच.
तू आतलं काढून घ्यायचंस, तुझ्या भांड्यात,
आणि भांडं परत."
थोडा थांबला.
"ओलुफा बरण्या मोजते, माहीत आहे ना?"

आम्ही सकाळपर्यंत बसलो.
इथून पुढे कंपायलर बघत नाही, असं सांगणारा तो चौकोन,
त्याच्या डोक्यावर मी लिहीत गेले, तो सांगत गेला:
हा पत्ता कधीच रिकामा नसतो.
दोघांनी एकदम हात घालायचा नाही.
माझ्या बाजूला हाय खाल्ली तर माझ्याच बाजूला खायची,
त्याच्या दारात जाऊन कोसळायचं नाही.
"आणि मे महिन्यानंतर हे कोण पाळणार?" मी विचारलं.
मेमध्ये तो निवृत्त होणार होता.
त्याने कॉफीचा तळ बघितला.
"लिहिलंस ना," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून बरणी आणली,
तीच उंची, तोच घेर, तळाशी तोच मासा कोरलेला.
त्याने घरून ओलुफाचं झाकण आणलं होतं, खिशात.
फिरवलं.
अर्धा आटा सरकला आणि अडकला.
पुन्हा फिरवलं, कानाशी धरून, जणू पंप ऐकतोय.
"नाही," म्हणाला,
आणि झाकण खिशात टाकून
बरणी माझ्या टेबलावर ठेवली.
"ही आता तुझी. हिची काळजी तू घे."